शेवटची पट्टी

प्रेसवरून डाय उतरवली की तिच्यातली शेवटची पट्टी तारेनं तिलाच बांधून ठेवायची, ही आमच्या कारखान्यातली रीत. मी तिथं यायच्या आधीपासूनची. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारं पोलादी हत्यार. वरचा भाग प्रेसबरोबर खाली येतो, खालचा जागेवर बसलेला असतो आणि पत्रा दोघांच्या मध्ये सापडतो. आमच्या बहुतेक डायांत पत्र्याची लांब पट्टी एका बाजूनं आत शिरते आणि दर ठोक्याला एक घर पुढं सरकते. पहिल्या घरात भोकं पडतात, पुढच्यात कडा कापल्या जातात, मग वाकवणं होतं आणि शेवटी तयार भाग खाली पडतो. मशीन थांबवलं की आत राहिलेल्या पट्टीवर ही सगळी घरं ओळीनं दिसतात. डायची त्या दिवशीची तब्येत त्या हातभर पत्र्यावर उमटलेली असते. पुढच्या वेळी डाय चढवण्याआधी फिटरनं ती पट्टी बघायची आणि ठरवायचं, नुसती धार लावून भागेल की आत काही बदलावं लागेल.

अशी एक पट्टी मी बदलली. पण ज्या माणसाच्या बाबतीत बदलली त्याचं काम आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

कारखान्यात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. वडूजच्या पुढं, पाऊस कमी पडतो त्या भागातलं त्यांचं गाव. वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असायचे. आप्पा मात्र आयटीआय करून साताऱ्याला आले आणि डाया घडवतात त्या टूलरूममध्ये खिडकीजवळच्या बाकावर जे बसले ते बसलेच. मी कुंडलचा. आमच्याकडं ऊस, आणि भावकीत घरटी एक माणूस फौजेत. मी फौजेत गेलो नाही. सांगलीला डिप्लोमा केला, पुण्यात संगणकावर डाय डिझाइन करायला शिकलो आणि चाळिशी आल्यावर इथल्या मालकांनी बोलावलं म्हणून परत आलो. डिझाइनची खोली वर, टूलरूम खाली. मधे पंधरा-सोळा पायऱ्या.

मी काढलेलं पहिलं ड्रॉइंग घेऊन त्या पायऱ्या उतरलो तेव्हा आप्पांनी हात पुसले, कागद बाकावर पसरला आणि बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं, "काही चुकलंय का?"

"चुकलंय कुठं? झकास काढलंय," ते म्हणाले. "कागदावर पत्रा लय गरीब असतो, सायेब. म्हणंल तसा वाकतो. प्रेसखाली गेला की मग त्याचा सोभाव कळतो."

तो स्वभाव त्यांना कसा कळायचा, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो. एकदा एका भागाला वाकवल्या जागी बाहेरून चिरा पडायला लागल्या. मी गोलाई वाढवून बघितली, वंगण बदलायला लावलं, पत्रा पुरवणाऱ्याशी भांडलो. दोन दिवस गेले. आप्पांनी त्याच पत्र्याचे दोन तुकडे कापले, एक उभा, एक आडवा. दोन्ही व्हाइसमध्ये धरले आणि हातोडीनं वाकवले. एकाला चीर गेली. दुसरा गुळगुळीत राहिला.

"कडब्याचं ताट उभं चिरतंय, आडवं चिरतंय का?" त्यांनी मला विचारलं. "पत्रा लाटताना त्याला वळ पडतो. तुमी भाग वळाच्या अंगानं मांडलाय. तेवढा फिरवा."

हे पुस्तकात असतं. मी शिकलोही होतो. पण परीक्षेच्या पेपरात लिहिलेली गोष्ट त्या दोन तुकड्यांत दिसेपर्यंत मला आठवली नव्हती. मी मांडणी फिरवली आणि चिरा थांबल्या. मालकांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "सायबांनी मांडणी बदलली." खोटं काही नव्हतं त्यात. पण मालकांची शाबासकी मी एकट्यानं घेतली. हे बारीकसारीक आहे, तरी सांगतो, कारण पुढचं एकदम घडलं नाही.

मग गाडीच्या सीटखाली बसणाऱ्या एका ब्रॅकेटचं काम आलं. त्यात एक कापणी होती, काटकोनात वळणारी, आतला कोपरा टोकदार. डायच्या खालच्या भागात त्या आकाराची खोबण असलेला पोलादी ठोकळा बसतो, त्याला आम्ही इन्सर्ट म्हणतो. मी तो एका तुकड्यात काढला होता. आप्पांनी ड्रॉइंगवर त्या कोपऱ्याशी बोट ठेवलं.

"सायेब, हा कोपरा ठोका सोसणार न्हाई. इथनं दोन तुकडं करा. कोपराच ऱ्हायला न्हाई तर तडकंल कुठनं?"

टूलरूममध्ये तेव्हा पाच-सहा जण होते. मी म्हणालो, "आप्पा, आता वायरकटच्या मशीनवर, विजेच्या तारेनं अख्खा आकार एका तुकड्यात कापून निघतो. जोड देऊन बसवणं हे जुन्या काळातलं काम."

"वायरकट कापतंय झकास. पर ठोकं वायरकटला खावं लागत न्हाईत, इन्सर्टला खावं लागत्यात."

सगळे हसले. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण मला लागलं. त्या हसण्यानंतर त्यांचं म्हणणं बरोबर आहे का, हा विचारच मी केला नाही. इन्सर्ट एका तुकड्यातच होईल, असं सांगून पायऱ्या चढलो.

ठोकळा कडक करायला सांगलीला गेला आणि परत आला. आप्पांनी तो बसवला. आपलं ऐकलं नाही म्हणून दुसरा कुणी हात आखडता घेतला असता. आप्पांनी त्या इन्सर्टला स्वतःच्या कल्पनेला दिला असता तेवढाच वेळ दिला. डाय पहिल्या चाचणीत पास झाली आणि पुढं कित्येक महिने चांगली चालली. कुणी नवीन माणूस आला की मी ती डाय मुद्दाम दाखवायचो.

एका दुपारी आप्पा पट्टी घेऊन वर आले. डाय सकाळीच उतरली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायची होती. ते सहसा वर येत नसत.

"नख फिरवा," म्हणाले.

पट्टीच्या खालच्या अंगाला, त्याच कोपऱ्यापाशी, केसाएवढी उभी रेघ होती. नख अडकलं.

"धार गेली की खरखर सगळ्या कडंला सारखी येती," आप्पा म्हणाले. "ही एकाच जागी हाय. इन्सर्टला आतनं तडा निघालाय. आता धार लावण्यात अर्थ न्हाई. नवा करूया."

नवा करायचा म्हणजे दोन तुकड्यांत करायचा, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "उद्या माल जायचाय. धार लावून चढवा, मग बघू."

"तुमी सांगताय म्हणून चढवतो," एवढं म्हणून ते उतरले. पट्टी माझ्या टेबलावर राहिली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी इन्सर्टला ग्राइंडरवर धार लावली. मी वरून काचेतून बघत होतो. पाण्याची धार नीट सोडलेली, हात हलका, जणू कुणाच्या गालावरचं काही पुसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या पुढं खालून आवाज आला. प्रेसचा रोजचा ठोका मला आता ऐकू येत नाही, इतकी सवय आहे. हा ऐकू आला. इन्सर्टचा कोपरा तुटून वर आला होता आणि त्यावर वरच्या भागातला पत्रा कापणारा पंच आपटून फुटला होता. आत अडकलेली पट्टी चुरगळून गेली होती. लाइन बंद.

मी खाली गेलो नाही. आधी टेबलावरच्या पट्टीकडं बघितलं. मालक स्वतः टूलरूममधून वर आलेले, पट्टी वाचणारे. ते पहिल्यांदा कालची शेवटची पट्टी मागणार आणि ती रेघ दिसली की त्यांना कळणार: तडा आधीपासूनचा आहे, कोपऱ्यातून निघाला आहे, डिझाइनचा आहे. जुन्या पट्ट्यांचा एक डबा माझ्या खोलीत होता. त्याच डायची आदल्या खेपेची पट्टी काढली. स्वच्छ होती. रेघेची पट्टी बॅगेत घातली, स्वच्छ पट्टी घेऊन पायऱ्या उतरलो आणि धावपळीत, प्रेसवरून उतरवलेल्या डायला तारेनं बांधून टाकली. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मालकांनी ती उलटसुलट करून बघितली. "पट्टीवर तर काहीच नाही," ते म्हणाले. "म्हणजे तडा धार लावताना गेला. आप्पा, दगड दाबला का? पाणी बंद होतं?"

धार लावताना पाणी कमी पडलं किंवा दगड जास्त दाबला की पोलाद तापतं आणि तडकतं. ही नवशिक्याची चूक. आप्पांना असा प्रश्न विचारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्यांनी पट्टी हातात घेतली. उजेडाकडं धरायचीही गरज पडली नाही. "ही ह्याच डायची हाय," म्हणाले, "पर ह्या खेपंची न्हाई. त्या पट्टीवर रेघ हुती. मी सायबांना दावली."

मालक माझ्याकडं वळले.

"माझ्या टेबलावर होती ती हीच पट्टी," मी म्हणालो. गावाकडची सगळी बोली त्या क्षणी माझ्या तोंडातून गेली होती. अगदी शुद्ध बोललो.

आप्पांनी पट्टी जवळच्या टेबलावर ठेवली. टेबलाच्या कडेला समांतर, सरळ. माझ्याकडं बघितलं नाही. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना टूलरूममधून काढून प्रेसच्या लाइनवर डाय चढवायच्या कामाला लावलं. बाक दुसऱ्याला दिला. लाइनवर एक सेटर होता, रहिमतपूरचा, जिभेचा तिखट पण मनानं वाईट नव्हे. त्याला विषयच मिळाला. चहा ओतताना म्हणायचा, "आप्पा, गरम हाय बरं का. पाणी सोडू का वरनं?" आप्पा त्याच्या पाठीत एक हलकी चापट मारायचे आणि चहा घ्यायचे.

ती पट्टी मी घरी नेली होती. कपाटात कपड्यांखाली ठेवली. बायकोनं विचारलं, "हा कसला पत्रा आणलाय?" मी म्हणालो, "नमुना आहे." फेकून मात्र दिली नाही.

नवा इन्सर्ट मला काढायचाच होता. दोन तुकड्यांत काढला. आप्पांनी बोट ठेवलं होतं बरोबर तिथून कापून. पण बाकावर आलेल्या फिटरला तो जमेना. दोन तुकडे इतके बेमालूम भेटावे लागतात की मधल्या फटीची निशाणी पत्र्यावर उमटता कामा नये. तीनदा बसवला, तीनदा पट्टीवर जोडाची रेघ आली. चौथ्या दिवशी मालक म्हणाले, "आप्पांना बोलवा."

ते लाइनवरून आले, हात धुतले. दोन्ही तुकड्यांच्या जोडाला बोटाच्या टोकानं निळा रंग लावला, एकमेकांवर टेकवले, उचलले. जिथं रंग पुसला गेला होता तिथं उंचवटा. तेवढाच दगडानं घासायचा, पुन्हा रंग, पुन्हा टेकवायचं. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मी खाली उभा होतो आणि मला जायला सांगायला कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी बाकाच्या खणातून पतंगाचा कागद काढला. तो बाक आता त्यांचा नव्हता, पण कागद तिथंच होता. डाय जुळवली, पत्र्याऐवजी तो कागद आत सरकवला आणि वरचा भाग हातानं हळूच खाली दाबला. पत्रा जाड असतो, चुका पचवतो. पतंगाचा कागद काहीच पचवत नाही. कुठं फट कमी-जास्त असली तर तो तिथं फाटतो किंवा तुटायचा राहतो. आप्पांनी तुकडा बाहेर काढला. चारी बाजूंनी कात्रीनं कापल्यासारखा, टोकदार कोपऱ्यासकट. त्यांनी तो मला दाखवला नाही. स्वतः बघितला, फुंकर मारून उडवला आणि म्हणाले, "चढवा."

पट्टी आली. जोडाची रेघ नव्हती.

मी अनेक कारखाने बघितले आहेत, परदेशी यंत्रं बघितली आहेत. त्या दिवशी त्या हातांनी जे केलं तसं दुसरीकडं बघितलं नाही. आणि ते हात मी लाइनवर बोल्ट आवळायला पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मालकांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी रेघेवर नख फिरवलं. मग म्हणाले, "आप्पांना बाकावर घेतो. त्यांना मीच सांगतो. तुम्ही मात्र खाली काही बोलू नका. फिटरांचा डिझाइनरवरचा विश्वास उडाला की कामं होत नाहीत."

मला हायसं वाटलं. कबुली दिली आणि ती चार भिंतींत राहिली, याहून सोपं काय असतं? आप्पा बाकावर परत आले.  माझ्याशी ड्रॉइंगवर बोलायचं तेवढंच बोलायचे. फक्त त्या दिवसापासून कुठल्याही डायची शेवटची पट्टी बांधण्याआधी ते तिच्यावर आकडे उमटवायच्या पंचानं खेपेचा नंबर ठोकायला लागले. ग्राहकांचे तपासनीस येतात तेव्हा या पद्धतीचं कौतुक करतात. मी मान डोलावतो.

पण खाली सगळ्यांचा समज तोच राहिला. आप्पांनी इन्सर्ट जाळला, मालकांनी जुना माणूस म्हणून पोटात घातलं. असे सहा-सात महिने गेले. एकदा पाहुणे म्हणून आलेल्या दोन इंजिनियरांना मी टूलरूम दाखवत होतो. आप्पा ग्राइंडरवर होते. रहिमतपूरचा सेटर डाय न्यायला आलेला. त्यानं पाहुण्यांना सांगितलं, "सायेब, जरा लांबनं बघा. ह्यांच्या हाताखाली पोलाद तडकतंय."

पाहुणे हसले. आप्पाही हसले. आणि हसता हसता त्यांचा डावा हात पाण्याच्या नळाकडं गेला. नळ उघडाच होता, धार व्यवस्थित पडत होती. त्यांनी तो पुन्हा चाचपला. थोड्या वेळानं आणखी एकदा.

इतक्या वर्षांत मी त्या हाताला एक गोष्ट दोनदा तपासताना पाहिलं नव्हतं. लोकांचा समज मी बिघडवला होता हे मला माहीत होतं. त्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा भरवसा मी कुरतडला होता, हे मला तोवर दिसलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी वर गेलो नाही. खाली शेडमध्ये सगळे डबे उघडून बसतात तिथं डबा घेऊन गेलो. जागा करून दिली त्यांनी. सेटर म्हणाला, "आज सायेब आमच्यात? तांबड्या रश्श्याचा वास वर गेला जणू!" मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. कोपरा, आप्पांनी आधी सुचवलेले आणि पुढं त्यांनीच जुळवलेले दोन तुकडे, रेघ, धार लावून चढवा असं मी सांगितलं ते, बॅगेत घातलेली पट्टी, मालकांसमोर बोललो ते वाक्य. बोलताना माझी बोली परत आली. "आप्पांनी काय बी जाळलं न्हाई," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

 सेटरच्या हातातला घास हातातच राहिला. मग तो आप्पांकडं वळला. "आप्पा, चुकलं माझं."

"तुझं कसं रं चुकलं?" आप्पा म्हणाले. "तुला दिसलं तसं तू बोललास." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "सायेब, लय दिवस लावलं."

"व्हय आप्पा," मी म्हणालो.  "चला, माफ केलं" असं ते म्हणाले नाहीत, आणि आजही म्हणालेले नाहीत. मी ते मागितलंही नाही.

एवढ्यात सेटर उठला. "मग ती जोडाची डाय कंची?" त्यानं विचारलं. "रॅकमधली? तिला जोड हाय? मी दहांदा चढवली, मला कवा दिसला न्हाई." तो तसाच रॅककडं गेला. त्याच्या मागून आणखी दोघं, मग चौघं. तारेत बांधलेली पट्टी त्यांनी सोडवली आणि त्या कोपऱ्यापाशी एकेक जण नख फिरवायला लागला. कुणी उजेडाकडं धरली, कुणी गालाला लावून बघितली. "हितं हाय बघ." "हितं कुठं, ती कापणीची कड हाय गड्या." पट्टी या हातातून त्या हातात गेली. कुणाचंच नख कुठं अडकेना.

आप्पा जागचे उठले नाहीत. डब्यावर झाकण लावता लावता तिथूनच ओरडले, "आरं, हात धुवून धरा रं! रश्श्याचं तेल लागलं तर नंबर दिसंल का त्यावरचा?"